जादाचा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंना माणूस ओळखायला वेळ लागत नसे. शिकाऊ माणूस गाडीत बसला की आधी काय करतो, एवढ्यावर त्या त्याचा कच्चा हिशेब मांडून मोकळ्या होत. आरसा स्वतःकडे वळवून केस बघणारा एक प्रकार. सीट पुढे-मागे करण्यातच अर्धा धडा घालवणारा दुसरा. आणि बसल्या बसल्या "मला तशी थोडीफार येते" म्हणणारा तिसरा. या तिसऱ्याला बाई सगळ्यात रिकाम्या रस्त्यावर नेत.

गाडीत त्यांच्या बाजूला, शिकवणाऱ्याच्या पायाशी, एक जादाचा ब्रेक होता. त्याने आजवर किती कुंपणं, किती सायकली आणि किती संसार वाचवले, ते बाईच जाणोत. त्यांचा उजवा पाय त्या ब्रेकशी असा काही बांधला गेला होता, की घरी टीव्ही बघताना पडद्यावरची गाडी वळणावर जोरात आली तरी पाय आपसूक खाली दाबला जाई. सोफ्यापुढच्या गालिच्याला नेमकं त्या जागी भोक पडलं होतं.

अशा बाईंची एकुलती एक लेक नाच शिकवायला लागली.

तोही जोडीने करायचा नाच. वॉल्ट्झ, रुंबा, चा-चा-चा. जावईही त्यातलाच. दोघांची ओळख मुळात एकमेकांच्या पायावर पाय देऊन झालेली, आणि लग्न झाल्यावर दोघांनी चष्म्याच्या दुकानावरचा लांबट हॉल घेऊन तिथे वर्ग काढला. मधोमध एक खांब, एका भिंतीला आरसे, आणि जिन्यात कायम चष्म्याच्या काचा घासल्याचा आवाज.

बाईंना जावई नापसंत नव्हता आणि नाचाचंही वावडं नव्हतं. खुपत होता तो बोर्ड. लेकीला शिकवण्याचा परवाना मिळाला त्याच आठवड्यात बाईंनी रंगारी बोलावून स्कूलच्या नावापुढे "आणि कन्या" असं लिहून घेतलं होतं, पिवळ्या रंगात, ठळक. कन्येला मात्र विचारायचं राहून गेलं. लेक शिकवायची फार छान. भेदरलेला माणूस तिच्याशेजारी बसून पहिल्याच दिवशी गाणं गुणगुणायला लागे. तिनं नाचाचं काढलं तेव्हा मायलेकींमध्ये चांगलीच जुंपली, आणि दोघीही एकाच मातीच्या असल्यामुळे भांडणाचा शेवट करारात झाला. वर्गाची पहिली तुकडी शिकून बाहेर पडेल तेव्हा लोकांना बोलावून एक संध्याकाळ करायची. त्या संध्याकाळी दुसरी तुकडी भरली तर बाईंनी पुन्हा बोर्डाचं नाव काढायचं नाही. नाही भरली तर लेकीनं मुकाट्याने गाडीत येऊन बसायचं.

"दुसरी तुकडी म्हणजे किती?" बाईंनी विचारलं.

"हॉलमध्ये खांबाला न धडकता मावतील तितक्या जोड्या," लेक म्हणाली. "मोजायला तूच ये."

बाई खरोखर गेल्या, पण मोजायला नव्हे. पहिल्या तुकडीत तीनच जोड्या आल्या. रिकामा हॉल बघून पायरी कोण चढणार, तेव्हा आधी घरची माणसं उभी करू, अशी कल्पना जावयाने काढली. घरची माणसं म्हणजे त्याचे आईवडील आणि बायकोची आई. त्यातून सासूबाई लगेच गळाल्या. लेकीच्या या सासूबाईंना हळूहळू सगळा हॉलच सासूबाई म्हणायला लागला. त्यांचे गुडघे उभं राहण्याच्या कामाचे उरले नव्हते. "बसून करायचं काहीही सांगा," असं म्हणून त्यांनी गाणी लावायच्या टेबलामागची खुर्ची पटकावली. मागे उरले दोघं: विहीणबाई आणि व्याही.

आता या दोघांमध्ये आधीपासूनच एक न लिहिलेलं खातं चालू होतं. कोण कुणाकडे किती वेळा आलं, कुणी फोन आधी केला, लग्नात कुणाच्या बाजूची माणसं जास्त जेवली. दोन्ही बाजूंचा दावा एकच की आमचं येणं निघतं. व्याह्यांचा धंदा घरसामान हलवायचा. टेंपो स्वतःचा, जोडीला धाकटा भाऊ, आणि हयातभर कपाटं, फ्रिज, पलंग जिन्यावरून वर-खाली. भाऊ वरची बाजू धरायचा आणि वाट कशी आहे ते बघायचा. व्याही खालची बाजू धरायचे, म्हणजे जिना उतरताना सगळं वजन अंगावर घेऊन उलटं चालायचं. मागे काय आहे ते त्यांना दिसत नसे आणि बघायची गरजही वाटत नसे. भावाच्या हाताचा दाब कळला की पाय आपोआप पायरी शोधत.

पहिल्या दिवशी लेकीनं सांगितलं, पुरुषांनी डावा पाय पुढे टाकायचा, बायकांनी उजवा मागे न्यायचा. मग बाजूला, मग पाय जुळवायचे. सगळ्यांनी एकमेकांना कसं धरायचं तेही दाखवलं. व्याह्यांनी नीट ऐकून घेतलं, गुडघे वाकवले, पाठ ताठ केली, एक हात बाईंच्या पाठीमागे आणि दुसरा कोपराखाली घातला, दम घेतला आणि सवयीनं विचारलं, "तयार?"

"व्याहीबुवा," बाई म्हणाल्या, "मला नाचायचंय. तिसऱ्या मजल्यावर न्यायचं नाहीये."

टेबलामागे सासूबाई इतक्या हसल्या की गाणं लावायचं विसरल्या.

तिथपर्यंत सगळं गमतीचं होतं. गाणं लागलं आणि खरी पंचाईत सुरू झाली. व्याही डावा पाय पुढे टाकत ते शेजारच्या घरात चोरपावलांनी शिरल्यासारखे, कारण समोर बघून चालायची त्यांच्या पायांना सवय नव्हती. तरी टाकत. पण तो पडायच्या आत बाईंचा उजवा पाय, जो मागे जायला हवा, तो जागच्या जागी खाली दाबला जाई. कधी खांब जवळ आला म्हणून, कधी दुसरी जोडी वळली म्हणून, तर कधी उगीचच. आणि त्या पायाखाली दर वेळी व्याह्यांच्या डाव्या पायाचा अंगठा सापडे. व्याही सज्जन माणूस. पहिले दोन वर्ग "असू दे, असू दे" म्हणाले. तिसऱ्या वर्गाला सामान हलवतानाचे जाड बूट घालून आले. जावयाने ते जिन्यातच काढायला लावले.

वॉल्ट्झचं हे, तर चा-चा-चाचं विचारूच नका. त्यात शेवटची तीन पावलं झटपट टाकायची. बाई दुसऱ्यालाच ब्रेक मारत, आणि व्याही उरलेलं वजन सावरल्यासारखे त्यांच्याभोवती गोल फिरून उभे राहत. बाकीच्या तीन जोड्या एव्हाना बऱ्यापैकी सरकायला लागल्या होत्या. आरशात बघितलं की सगळा हॉल झुलताना दिसे आणि मधे हे दोघं, बंद पडलेल्या गाडीसारखे. लेक त्यांच्याजवळ यायची, खांद्याला हात लावून "आई, पाय सोड, नुसता सोड," म्हणायची, आणि दुसऱ्या जोडीकडे जायची. जाताना तिच्या कपाळावरची आठी बाईंना आरशात दिसायची. गाडीत चुकणाऱ्या शिकाऊ माणसाकडे लेक कधी तशी बघत नसे.

संध्याकाळ जवळ आली तशी जावयाने यादी ठरवली. आधी लेक-जावयाचा नाच, मग चारही जोड्यांचा वॉल्ट्झ. त्यातून विहीणबाई आणि व्याह्यांना वगळावं का, असा विषय निघाला असणार, कारण एका वर्गानंतर लेक-जावई कोपऱ्यात हळू बोलत होते आणि बाईंना बघून गप्प झाले.

त्याच दिवशी जिना उतरताना व्याही खालच्या पायरीवर थांबले. सासूबाई मागे कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या, तेवढ्या वेळात त्यांनी उरकून घ्यायचं ठरवलं असावं.

"विहीणबाई, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा."

"तुमचा पाय चुकून पडतो, की हिशेबानं?"

बाईंना पहिल्यांदा अर्थच लागला नाही. मग लागला. हा माणूस गेले इतके वर्ग असू दे, असू दे म्हणत होता आणि आतल्या आत बेरीज करत होता. वर्ग बुडाला की लेक गाडीत येणार, आणि बोर्डावरचा पिवळा रंग सार्थकी लागणार. करार त्याला माहीत होता, सगळ्यांनाच होता. बाईंनी चपला घातल्या आणि त्या तरातरा निघून गेल्या. त्या रागाची फोड करत बसल्या असत्या तर त्यांना कळलं असतं, की साफ खोट्या आरोपाचा राग इतका येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत एक दाताचे डॉक्टर होते. गृहस्थ हळूहळू, गाल सुन्न करून मगच दात काढावा तशी गाडी चालवत. सरळ रस्ता, रहदारी नाही. गाडी मध्येच कचकन थांबली.

"मॅडम," डॉक्टर अदबीनं म्हणाले, "समोर काही नव्हतं."

खरंच नव्हतं. बाईंनी पायाकडे बघितलं. पाय ब्रेकवर होता. कधी गेला ते त्यांना ठाऊक नव्हतं. आधी अडचण दिसायची आणि मग पाय जायचा. हल्ली पाय आधी जात होता आणि अडचण नंतर शोधली जात होती. लेक वर्ग काढते म्हणाली तेव्हाही त्यांनी असंच केलं होतं का, हा विचार त्यांना पुढच्या सिग्नलला आला आणि नंतरचे तीन सिग्नल टळला नाही. डॉक्टरांना त्यांनी त्या दिवशी जरा जास्तच शाबासकी दिली.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी सगळे हॉल लावायला जमले. जावई खुर्च्या आणायला टेंपो घेऊन गेला होता, व्याह्यांचा भाऊ त्याच्याबरोबर. लेक जिन्यात कागदी फुलं चिकटवत होती. सासूबाई टेबलामागे बसून कुठलं गाणं कशानंतर ते वाजवून बघत होत्या. आणि हॉलच्या भिंतीला ऐन मधोमध, जिथे खुर्च्यांची पहिली रांग यायची होती, तिथे बुटांचं लाकडी कपाट उभं होतं. रिकामं, पण माणसापेक्षा उंच.

व्याह्यांनी त्याला एक चक्कर मारली. भाऊ येईपर्यंत थांबावं, तर खुर्च्या आल्यावर कपाट हलवायला वाट राहणार नव्हती. बाई खिडकीशी उभ्या होत्या. जिन्यातल्या त्या प्रश्नानंतर दोघांमध्ये "बरं आहे ना"च्या पुढे शब्द गेला नव्हता.

"मी धरते वरची बाजू," बाई म्हणाल्या.

व्याह्यांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, जसं ते एखाद्या दोराकडे बघत. मग कपाट कलतं केलं, खालचा भार स्वतःकडे घेतला, गुडघे वाकवले आणि विचारलं, "तयार?"

"तयार."

कपाट उचललं गेलं. व्याही उलटे निघाले, बाई समोर बघत. अर्ध्या वाटेत खांब होता. बाईंनी काही म्हटलं नाही. कपाटाची कड बोटभर डावीकडे रेटली आणि व्याही वळले. पुढे खिडकीची चौकट. कड उजवीकडे, व्याही उजवीकडे. कोपऱ्यात गुंडाळलेला गालिचा पडला होता. बाईंनी कपाट केसभर रोखलं, व्याह्यांनी पाय उंच उचलून गालिचा ओलांडला, मागे न बघता. सासूबाईंचं गाणं चालूच होतं. वॉल्ट्झचं होतं. बाईंचा डावा पाय पुढे पडत होता, व्याह्यांचा उजवा मागे जात होता, मग बाजूला, मग जुळत होते. तालावर. कपाटाला स्वतःला काही कळलं नसेल, इतक्या अलगद ते कोपऱ्यात पोचलं.

खाली ठेवल्यावर दोघंही एकमेकांकडे न बघता हात झटकत उभे राहिले. गाणं संपलं.

"कपाट मध्ये असलं," टेबलामागून सासूबाई म्हणाल्या, "की बरं नाचता की तुम्ही दोघं."

दारात लेक उभी होती. हातात कागदी फूल, आणि चेहऱ्यावर गाडी शिकवतानाचा जुना भाव. ती आत आली, फूल सासूबाईंच्या टेबलावर टाकलं, आईचा उजवा हात धरून व्याह्यांच्या पाठीवर ठेवला. व्याह्यांचा हात बाईंच्या खांद्यावर.

"आता हेच परत करा," ती म्हणाली. "फक्त कपाट नाही."

"अगं पण पुरुषांनी पुढे..." व्याही म्हणाले.

"ते मी शिकले तसं सांगितलं, बाबा. माझी चूक. तुम्हाला पुढे चालवणं म्हणजे आईला मागच्या सीटवर बसवणं."

मग त्यांनी केलं. पहिल्यांदा बाईंना ताप आल्यासारखं झालं, कारण पायाला दाबायला ब्रेकच सापडेना. चालवत त्याच होत्या. स्वतः चालवताना जादाचा ब्रेक कुणाला लागतो? डावा पाय पुढे. या डाव्या पायाचा कधी कुणाला संशय आला नव्हता. बिचारा आजवर नुसता शेजारी बसून होता. तीन गाणी झाली. व्याह्यांचा अंगठा शाबूत राहिला. बाकीच्या जोड्यांइतकं सुरेख ते नव्हतं. बाई वळताना मानेने आरसा बघितल्यासारखं आधी मागे बघत, आणि व्याही मधूनच पायरी चाचपडत. पण दोघं हलत होते, आणि एका दिशेने.

निघताना बाईंनी व्याह्यांना कपाटापाशी गाठलं.

"तुम्ही जिन्यात विचारलंत त्याचं उत्तर राहिलं," त्या म्हणाल्या. "पाय सवयीनंच पडत होता. पण सवय मोडायची मला घाई नव्हती. एवढं खरं."

व्याह्यांनी मान हलवली. पावती दिल्यासारखी. मग म्हणाले, "उद्या कुठं जायचं ते तुम्ही बघा. मी मागे बघणार नाही."

दुसऱ्या संध्याकाळी हॉल भरला. खुर्च्यांवर बायका पुढे सरकून आणि नवरे मागे टेकून बसले होते. बाईंना हे नवरे दुरूनच वाचता येत. हे आणलेले होते, आलेले नव्हते.

आधी लेक आणि जावई नाचले. बाईंनी लेकीला असं पूर्ण कधी पाहिलंच नव्हतं; वर्गात ती नेहमी मध्येच थांबून कुणाचा तरी खांदा सरळ करत असायची. आज ती थांबली नाही. वाऱ्यावर पडदा हलावा तशी दोघं खांबाभोवती फिरली, चा-चा-चामध्ये पाय दिसेनासे झाले, आणि शेवटी जावयाच्या हातावर ती अशी मागे झुकली की पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी श्वास रोखला. टाळ्या जोरात पडल्या. आणि टाळ्या वाजवता वाजवता मागे टेकलेले नवरे आणखी मागे टेकले.

हा चेहरा बाईंच्या रोजच्या ओळखीचा होता. दुसऱ्या कुणीतरी दोन गाड्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत एका दमात गाडी लावली, की शिकाऊ माणसाच्या तोंडावर येतो तो. वा, वा. आणि आपलं हे काम नाही, सुटलो. दोघा जणांनी घड्याळ बघितलं. एक लठ्ठसे गृहस्थ कोट शोधू लागले. लेकीच्या सुंदर नाचानं तिच्या वर्गाच्या नावावर मोठी वजाबाकी मांडली होती, आणि ते हॉलमध्ये फक्त बाईंना दिसत होतं.

काही करायचीही गरज नव्हती. नुसतं जसं चाललं आहे तसं चालू द्यायचं. जरा अडखळायचं, लोक हसतील, घरी जातील. सोमवारी लेक गाडीत. पिवळी अक्षरं खरी. बाईंनी लेकीकडे बघितलं. ती धापा टाकत, घाम पुसत, चारही जोड्यांना हातानं जागा दाखवत होती आणि हसत होती. गाडीत शिकवताना ती छान शिकवायची. पण अशी हसत नसे.

"तयार?" बाईंनी विचारलं.

व्याही दचकले. हा प्रश्न आजवर त्यांचा होता. "तयार," ते म्हणाले, आणि हॉलकडे पाठ करून उभे राहिले.

सासूबाईंनी गाणं लावलं. बाईंचा डावा पाय पुढे गेला. पहिल्याच फेरीत खुर्च्यांमधून कुजबुज उठली: अगं, ती बाई चालवतेय. दुसऱ्या फेरीत कुणीतरी व्याह्यांना ओळखलं. त्याचा पलंग त्यांनीच हलवला होता. बाकीच्या तीन जोड्या नेटक्या चालल्या होत्या, पण बघणारे बघत होते या दोघांना. कारण हे दोघं अजून शिकत होते ते उघड दिसत होतं. बाईंचे ओठ आकडे मोजत होते. व्याह्यांची नजर छताला. तरी ते उलटे असे चालले होते, की मागच्या भिंतीलाच त्यांची भीती वाटावी.

तिसऱ्या फेरीला ते खुर्च्यांच्या कडेने आले, आणि कोट सापडलेले लठ्ठ गृहस्थ नेमके उठले. त्यांची खुर्ची मागे जायची ती तिरपी होऊन पुढे सरकली, थेट व्याह्यांच्या टाचेमागे. गृहस्थ एक बाही घातलेल्या कोटात तसेच थिजले.

बाईंचा उजवा पाय खाली दाबला गेला. हात त्याच्याबरोबर आला.

व्याही थांबले. एक पाय मागे उचललेला, खुर्चीपासून चार बोटांवर. त्यांनी मागे बघितलं नाही. बाकीच्या जोड्या तालात पुढे निघून गेल्या, आणि हे दोघं खुर्च्यांपाशी फोटो काढायला उभं राहिल्यासारखे.

"ब्रेक चांगले आहेत हो, विहीणबाई," व्याही म्हणाले.

ते सावकाशच म्हणाले, पण त्यांचा आवाज जिन्याच्या तळातून तिसऱ्या मजल्यावर पोचायला सवयीचा. आधी सासूबाई हसल्या, मग सगळा हॉल. कोटवाले गृहस्थ स्वतः हसले, खुर्ची ओढून घेतली आणि तिच्यावर परत बसले. ते बसले हे बाईंनी डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपून ठेवलं.

"तुमचा उजवा मागे," बाई म्हणाल्या. तालाचा एक ठोका हुकला होता. त्यांनी तो जाऊ दिला, पुढचा पकडला आणि दोघं निघाले.

नाच संपल्यावर लेक-जावयाभोवती कुणी गेलं नाही. त्यांना लांबूनच नमस्कार झाले. गर्दी झाली सासूबाईंच्या टेबलापाशी. सगळ्यात पुढे कोटवाले गृहस्थ, दोन्ही बाह्या आता नीट, आणि मागे त्यांची बायको, जिला अजून खरं वाटत नव्हतं.

"वयाची काही अट आहे का?" त्यांनी विचारलं.

"आमच्या ह्यांच्याकडे बघून तसं वाटतं का?" सासूबाई म्हणाल्या.

खांबाला न धडकता मावतील तितक्या जोड्या झाल्या, आणि मग एक जोडी खांबाला धडकायच्या तयारीनं आली. लेकीनं लांबून आईकडे बघितलं. जिंकल्याचं बघणं ते नव्हतं. त्यात एक प्रश्न होता. बाईंनी ओठांच्या हालचालीनंच सांगितलं, "मोजल्या." आणि खुर्च्या आवरायला लागल्या. थोड्या वेळानं लेक पाठीमागून येऊन त्यांच्या गळ्यात पडली, घामट, तेव्हा बाई म्हणाल्या की पुरे, माझी पाठ काही व्याहीबुवांची नाही.

सोमवारी सकाळी बाई बोर्डाखाली उभ्या राहून त्या पिवळ्या अक्षरांकडे बघत होत्या, तेवढ्यात टेंपो येऊन थांबला. व्याह्यांनी सासूबाईंना हात देऊन उतरवलं आणि जरा घाईनंच निघून गेले.

"मला गाडी शिकवा," सासूबाई म्हणाल्या. "गुडघ्यांना विचारलंय मी. बसून करायचं आहे म्हटल्यावर हो म्हणाले."

"त्यांनी सोडलं तुम्हाला?"

"त्यांना तुम्ही आठवडाभर उलटं चालवा, त्यांचं काही म्हणणं नाही. मी पुढे चालले की मात्र पोटात गोळा." त्यांनी मान वर करून बोर्ड वाचला. "हे 'कन्या' आता काय करणार?"

"पुसून टाकीन."

"कशाला? रंगाऱ्याला विचारा, खाली 'आणि विहीण' मावेल का."

बाईंनी गाडीचं दार उघडलं. सासूबाई चाकामागे बसल्या. बाई शेजारी बसल्या आणि नेहमीच्या सवयीनं बघत राहिल्या, ही आधी काय करते. सासूबाईंनी आरशाला हात लावला नाही, सीटला लावला नाही, थोडीफार येते असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी आधी गाणं लावलं.

हा चौथा प्रकार बाईंच्या खात्यात नव्हता.

गाडी निघाली. गचके खात, पण निघाली. पहिल्या कोपऱ्यावर समोरून व्याह्यांचाच टेंपो उलटा येत होता, मागे दोरीनं बांधलेलं कपाट आणि त्याच्यामागून हात दाखवणारा त्यांचा धाकटा भाऊ. बाईंचा उजवा पाय उठला. त्यांनी तो मागे घेतला, सीटखाली, पार टाच टेकेपर्यंत, आणि तिथेच धरून ठेवला.

गाडी टेंपोच्या अलीकडे हातभर अंतरावर थांबली.

"तुम्ही दाबलात ना?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हीच."